खेळण्यातले वाफेचे इंजिन आणि त्याची जळालेली कॉइल

वाफेवर चालणारे खेळणे आकाराने पाटावर मावेल एवढे असले, तरी त्याच्या अंगी खऱ्या इंजिनाचे सारे अवयव असतात. पितळेचा आडवा किंवा उभा बाष्पक, म्हणजे ज्यात पाणी उकळते ती बंद टाकी. त्यातील वाफ सिलिंडरपर्यंत नेणारी बारीक नळी. सिलिंडरात मागेपुढे सरकणारा दट्ट्या. त्याची सरळ रेषेतील हालचाल गोल फिरवणारा दांडा आणि ती गती टिकवून धरणारे जड गतिचक्र हे सगळे त्यात असते, आणि वाफेचा दाब हाताबाहेर जाऊ लागला की आपोआप उघडणारी सुरक्षा झडपही बाष्पकाच्या माथ्यावर असते. बाष्पकाखाली उष्णता कोठून आणायची, हा प्रश्न मात्र निरनिराळ्या देशांतील कारागिरांनी निरनिराळ्या रीतीने सोडवला. जर्मनीतील लुडेनशाइड येथे १९१२ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९५० पासून अशी इंजिने बनवणाऱ्या विलेस्को कंपनीच्या, तसेच इंग्लंडमधील मॅमोड कंपनीच्या बहुतेक इंजिनांत स्पिरिटचा दिवा किंवा जळणाऱ्या पांढऱ्या वड्या वापरल्या जात. अमेरिकेत मात्र घरोघरी वीज पोचू लागल्यावर बाष्पकाखाली विजेची तापणारी तार बसवण्याची पद्धत रुजली. पेनसिल्व्हेनिया राज्यातील जेनेट गावची जेन्सन आणि विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स गावची मेटल वेअर कंपनी, जिची इंजिने ‘एम्पायर’ या नावाने विकली जात, ही या पद्धतीची ठळक उदाहरणे होत. मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्डची वीडन कंपनी यांच्याहून जुनी. तिचे पहिले उभे इंजिन १८८४ मध्ये ‘यूथ्स कंपॅनियन’ या साप्ताहिकाने नवे वर्गणीदार मिळवून देणाऱ्या मुलांना बक्षीस म्हणून देऊ केले होते. ते इंजिन स्पिरिटच्या दिव्यावर चालत असे. पुढे या कंपनीनेही विजेवर तापणारी इंजिने काढली. मुलांच्या हातातून स्पिरिट सांडून पेट घेण्याचे भय विजेने टळले, हा या बदलाचा मोठा लाभ होता. मात्र त्याबरोबर दोन नव्या जोखमी घरात आल्या, आणि जुन्या इंजिनाची दुरुस्ती करताना आज त्यांचाच विचार सर्वांत आधी करावा लागतो.

पहिली जोखीम विजेच्या धक्क्याची, दुसरी कोरड्या बाष्पकाची. स्पिरिटचा दिवा ठरावीक माप भरून लावला जाई आणि बाष्पकातील पाणी संपण्याच्या आधी तो विझेल अशी योजना असे. विजेची तार मात्र बटण बंद करेपर्यंत तापतच राहते. अशा खेळण्यांतील अनेक बाष्पकांचे सांधे मऊ डाखाने, म्हणजे कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने जोडलेले असतात, आणि हे मिश्रण सुमारे १८३ ते १९० अंश सेल्सिअसला वितळते. आत पाणी असेतोवर पितळ पाण्याच्या उकळबिंदूच्या फार वर जात नाही, कारण दीड बार दाबाखालीही पाणी सुमारे १२७ अंशांना उकळते आणि पितळेला मिळालेली उष्णता ते ताबडतोब ओढून घेते. पाणी संपताच ही राखण नाहीशी होते, तळाचे पितळ काही मिनिटांतच डाख वितळण्याच्या तापमानापलीकडे जाते आणि सांधे सुटतात. कॉइल जळाली तर ती बदलता येते, बाष्पक गेला तर त्याच्या जागी दुसरा मिळणे अवघड. म्हणून या दुरुस्तीतील प्रत्येक निर्णय बाष्पक वाचवण्याच्या बाजूने घ्यावा लागतो.

ही तार बहुधा निक्रोमची असते. सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम यांच्या या मिश्रधातूचे एकस्व, म्हणजे पेटंट, अमेरिकी धातुशास्त्रज्ञ अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये मिळवले, आणि टोस्टर, इस्त्री, शेगडी ही विजेची सारी घरगुती साधने व्यवहारात येऊ शकली ती या शोधामुळे. निक्रोमचा विद्युत रोध, म्हणजे विजेच्या वाहण्याला होणारा अडथळा, तांब्याच्या साठपटीहून अधिक असतो. शिवाय तार तापली की तिच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा घट्ट थर चढतो आणि आतील धातूपर्यंत हवेतील प्राणवायू पोचू देत नाही. हा थरच तारेचे आयुष्य ठरवतो. तार तापते, फुगते, निवते, आकसते. प्रत्येक फेऱ्यात थराला सूक्ष्म तडे जातात, एखादा खपला सुटतो, उघडा पडलेला धातू पुन्हा जळून नवा थर धरतो आणि त्या ठिकाणी तार किंचित बारीक होते. बारीक झालेल्या जागी रोध वाढतो, म्हणून ती जागा इतर तारेहून अधिक तापते, अधिक तापल्याने अधिक झिजते, आणि शेवटी तेथेच तुटते. सिलिंडरला घातलेले तेल किंवा गळणाऱ्या वाफेचे थेंब कॉइलवर पडत राहिले, तर हा शेवट लवकर येतो.

शेगडीची कॉइल तुटली की तिची दोन टोके एकमेकांत अडकवून काम भागवण्याची रीत महाराष्ट्रातल्या घरांना चांगली परिचयाची आहे, आणि चहापुरती ती चालतेही. इंजिनात मात्र ती टाळलेलीच बरी, कारण पिळलेल्या सांध्यात दोन्ही टोकांवर आधीच ऑक्साइडचा थर असतो, त्यामुळे तो सांधाच सर्वांत अधिक तापतो आणि पुन्हा सुटतो. त्यातच तारेचा तुकडा कमी झाल्याने एकूण रोध घटतो, विजेची ओढ वाढते आणि बाष्पकाला बनवणाऱ्याने ठरवल्याहून अधिक उष्णता मिळू लागते.

तारेचे मूळ माप ओळखण्यासाठी इंजिनाच्या तळाशी किंवा बाजूला असलेली नामपट्टी पाहावी लागते. तिच्यावर व्होल्ट आणि वॅट हे दोन आकडे असतात. उदाहरणादाखल ११५ व्होल्ट आणि ४०० वॅट हे आकडे धरले, तर व्होल्टचा वर्ग करून त्याला वॅटने भागल्यावर तापलेल्या तारेचा रोध मिळतो: सुमारे ३३ ओहम. थंड तारेचा रोध मोजला तर तो याहून थोडाच कमी भरतो, कारण निक्रोमचा रोध तापमानाबरोबर फार बदलत नाही. ४०० वॅटची तार २०० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास, उष्णतेची गळती मुळीच नसेल तर, अडीच मिनिटांहून थोडा अधिक वेळ घेईल, आणि तेवढ्या सगळ्या पाण्याची वाफ होण्यास आणखी सुमारे १९ मिनिटे लागतील. प्रत्यक्षात बाष्पकाचे पितळ तापवण्यात आणि आसपासच्या हवेत बरीच उष्णता जाते, म्हणून इंजिन फिरू लागण्यास याहून अधिक वेळ लागतो, आणि तो लागणे योग्यच आहे. इंजिन झटपट सुरू व्हावे म्हणून अधिक वॅटची तार घालणे म्हणजे सुरक्षा झडपेवर आणि डाखावर नको तो भार टाकणे होय.

भारतात किंवा युरोपात आलेल्या अमेरिकी इंजिनाबाबत घोटाळा होतो तो येथे. ११५ व्होल्टसाठी गुंडाळलेली ३३ ओहमची तार २३० व्होल्टला जोडली, तर विजेचा दाब दुप्पट झाल्याने उष्णता दुप्पट न होता चौपट होते, म्हणजे १६०० वॅट. तार काही क्षणांत लालभडक होऊन तुटते. मधे एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, घालून अर्धी वीज अडवण्याची युक्ती काही जण सुचवतात. पण १६०० वॅटचे अर्धे ८०० होतात, जे अजूनही मूळ मापाच्या दुप्पट आहेत. सरळ मार्ग म्हणजे २३० चे ११५ व्होल्ट करणारा निदान ५०० व्होल्ट-अँपिअर क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर वापरणे. बाजारात मिळणारे असे अनेक ट्रान्सफॉर्मर एकाच गुंडाळीचे असतात आणि मुख्य विजेपासून पूर्ण अलगता देत नाहीत, त्यामुळे दाब कमी झाला म्हणून धोका गेला असे समजू नये.

नवी तार निवडताना लांबी आणि जाडी या दोन्हींचा हिशेब लागतो. ०.४ मिलिमीटर जाडीच्या निक्रोमचा रोध दर मीटरला सुमारे पावणेनऊ ओहम असतो, म्हणून ३३ ओहमसाठी पावणेचार मीटर तार पुरते, ०.५ मिलिमीटरची तार घेतली तर जवळजवळ सहा मीटर लागते. दुसऱ्या तारेचा एकूण पृष्ठभाग पहिलीच्या जवळपास दुप्पट भरतो, तेवढीच उष्णता ती अधिक पसरून देते, कमी लाल होते आणि अधिक काळ टिकते. कॉइल ज्या खोबणीत बसते तिच्यात जागा असेल तर जाडच तार घ्यावी. २३० व्होल्टवर थेट चालणारी ४०० वॅटची कॉइल करायची तर १३२ ओहम लागतात, आणि तेवढ्या चिमुकल्या जागेत ते बसवण्यासाठी तार इतकी बारीक घ्यावी लागते की ती हाताळतानाच तुटण्याची भीती असते. विजेच्या सामानाच्या दुकानात शेगडीसाठी मिळणारी २३० व्होल्ट, १५०० वॅटची कॉइल सुमारे ३५ ओहमची असते, म्हणजे ११५ व्होल्टवर ती ३७५ वॅट देते. मोजून खात्री केली आणि ती चिनी मातीच्या खोबणीत नीट बसली, तर अशा इंजिनाला ती चालण्यासारखी आहे.

खोबणी असलेली चिनी मातीची थाळी आणि तिच्यात उघडी वेटोळी कॉइल, ही एक रचना झाली. दुसऱ्या रचनेत चपटी तार अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळून वर-खाली आणखी अभ्रकाचे पत्रे ठेवलेले असतात आणि ही थप्पी बाष्पकाच्या तळाशी दाबून बसवलेली असते. जुन्या इस्त्रीचे पोट ज्यांनी उघडून पाहिले आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. अभ्रक विजेला अडवतो पण पातळ असल्याने उष्णता जाऊ देतो, आणि सामान्य पांढरा अभ्रक सुमारे ५०० अंशांपर्यंत तग धरतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगाच्या विद्युत उद्योगाला मोठ्या प्रमाणावर अभ्रक पुरवणारा प्रदेश म्हणजे आजच्या झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीहचा पट्टा, त्यामुळे अमेरिकेत बनलेल्या एखाद्या खेळण्याच्या पोटात भारतीय खाणीतला पत्रा असणे सहज शक्य आहे. अभ्रकाच्या रचनेत थप्पी बाष्पकाला सर्वत्र सारखी टेकली पाहिजे. कोठे पोकळी राहिली तर तेथील उष्णता वर न जाता तारेतच साठते आणि नवी तारही लवकरच जाते.

जुने इंजिन उघडताना एका गोष्टीबाबत घाई अजिबात करू नये. त्या काळी उष्णता अडवण्यासाठी कॉइलखाली राखाडी-पांढरा पुठ्ठ्यासारखा थर, आणि जोडतारांवर दोऱ्यासारखे वेष्टण असे, ते पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असते. त्याचे अदृश्य तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर पुढे अनेक वर्षांनी कर्करोगासह गंभीर आजार होऊ शकतात. असा थर शाबूत असेल तर त्याला हात न लावणे उत्तम. तो भुगा होत असेल तर खरवडणे, फुंकणे, ब्रशने झाडणे यांपैकी काहीही न करता हे काम जाणकाराकडे सोपवावे.

तारेची टोके जोडण्याच्या जागी डाख चालत नाही, कारण तेथील तापमानाला तो वितळतो. स्क्रू, वॉशर आणि घट्ट आवळलेला नट हाच उपाय. टोकाकडची काही सेंटिमीटर तार दुहेरी करून पिळली, तर तेवढ्या भागाचा रोध कमी होऊन तो थंड राहतो आणि स्क्रूजवळचा सांधा जळत नाही. कॉइल ताणताना वेटोळ्यांत सारखे अंतर राहावे, कारण दाटलेली वेटोळी एकमेकांना तापवतात आणि तार झिजण्याची पहिली जागा तीच ठरते. आतल्या जोडतारा काचतंतूच्या वेष्टणाच्या घ्याव्यात. घरातील वायरिंगची प्लॅस्टिकच्या वेष्टणाची तार येथे वितळते. बाहेरची जुनी कापडी वायर दिसायला सुंदर असली तरी तिच्या आतील रबर वाळून तडकलेले असते, म्हणून ती बदलणे भाग आहे. मूळ इंजिनाला बहुधा दोनच पिना असतात, अर्थिंग नसते. लोखंडी बैठकीला हिरव्या तारेने अर्थिंग जोडून तीन पिनांची वायर लावणे हा मूळ वस्तूत केलेला बदल खरा, पण पाणी, वाफ, धातू आणि वीज एकत्र असलेल्या यंत्रात तो न करण्याचे समर्थन होऊ शकत नाही. पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असावा.

जोडणी झाल्यावर वीज देण्यापूर्वी तार आणि बैठक यांमधला रोध ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे विद्युतरोधन मोजणाऱ्या उपकरणाने, तपासावा. तो एक मेगओहमहून कमी आला तर बहुधा चिनी मातीत किंवा अभ्रकात ओल शिरलेली असते. नंतर बाष्पकात पाणी भरून, व्हेरिॲक म्हणजे दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने सुमारे ४० व्होल्ट दिले, तर कॉइल जेमतेम ५० वॅट देते आणि अर्ध्या तासात ओल हळूहळू निघून जाते. यानंतर पुन्हा मेगर लावून मगच पूर्ण दाब द्यावा. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या बाष्पकाची चाचणी याआधीच, थंड पाणी काठोकाठ भरून हातपंपाने नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन, घेतलेली असावी. पाणी दाबले जात नसल्याने सांधा फुटला तरी केवळ धार उडते, तर वाफेने फुटलेला सांधा इजा करतो. सुरक्षा झडपेची स्प्रिंग क्षाराने चिकटलेली नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

जळालेली मूळ कॉइल, तिचे अभ्रक आणि कापडी वायर फेकून न देता पाकिटात घालून, त्यावर इंजिनाचा क्रमांक, मोजलेला रोध, नव्या तारेची जाडी व लांबी आणि दुरुस्तीची तारीख लिहून इंजिनाबरोबर ठेवावी, म्हणजे पुढे ही कॉइलही जाईल तेव्हा ते काम हाती घेणाऱ्याला तारेचे माप पुन्हा शोधत बसावे लागणार नाही.