आरतीचा फोटो: आधी आयएसओ, मग फ्लॅश
गणपतीच्या आरतीत समयांचा सोनेरी उजेड टिपायचा असेल तर आधी फ्लॅश बंद करा. समोरून पडणारा पांढरा झोत ज्योतींचा रंग मारून टाकतो. त्याऐवजी आयएसओ ४०० वरून १६०० वर न्या. तेवढ्याच उजेडात शटरचा वेग चौपट ठेवता येतो आणि फोटो हलत नाही. थोडे दाणे दिसतील, दिसू द्या; हललेला चेहरा नंतर सुधारणं फार कठीण.

फ्लॅश हवाच असेल तर स्लो सिंक (फ्लॅशसोबत शटर जास्त वेळ उघडं ठेवणारा मोड) निवडा आणि फ्लॅशची ताकद एका स्टॉपने, म्हणजे निम्म्यावर, उतरवा. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड पावपटच उरतो, त्यामुळे मंडपाच्या टोकावरून तो उडवण्यात अर्थ नाही. जवळ जा. यंदा ऑटो मोड सोडून हे करून बघाच!