दुधाचे दात आणि सुखाची झोप

“पडायचेच आहेत ते दात! त्यांच्यासाठी कशाला एवढी यातायात?” असे घरोघरची वडीलधारी माणसे म्हणतात. दुधाचे वीस दात सहाव्या वर्षापासून पडू लागतात, हे खरेच. पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ तोवर कशी सोसायची?

“दाढ दुखते” असे लहान मूल क्वचितच सांगते. ते घास गालात धरून बसते, पोळीऐवजी मऊ भात मागते, रात्री दचकून उठते, दिवसा किरकिर करते. आपण म्हणतो, पोर हट्टी आहे. खरे म्हणजे तो हट्ट नसून ठणका असतो.

तीन वर्षांच्या मुलाचे आठ-दहा दात किडले असतील, तर ते दंतवैद्यासमोर तासभर आ वासून बसेल काय? अशा वेळी रुग्णालयात पूर्ण भूल देऊन, बहुधा एकाच बैठकीत, साऱ्या तोंडाची दुरुस्ती करतात. भरण्याजोगे दात भरतात, दाढांवर पोलादी टोप्या बसवितात, अगदी गेलेले दात काढतात. भूल आणि दात यांचे नाते तसे जुनेच. १८४४ साली अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने हसविणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली होती!

या उपचाराने मुलाला सुख लाभते, हे मोजायचे कसे? २००७ साली नॉर्थ कॅरोलायनातील संशोधकांनी पालकांसाठी तेरा प्रश्न प्रसिद्ध केले. मूल नीट जेवते का, झोपते का, हसायचे टाळते का, असे नऊ प्रश्न मुलाविषयी. मनस्ताप, अपराधीपणा, बुडालेले काम आणि खर्च यांविषयीचे चार घरच्यांसाठी. उपचारापूर्वी व नंतर हे प्रश्न अनेक देशांत विचारले गेले. दुखणे थांबले, झोप लागू लागली, जेवण सुधारले, अशीच उत्तरे बहुतेक ठिकाणी आली.

भुलेची भीती मात्र अनाठायी म्हणता येत नाही. तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक वेळ किंवा वारंवार भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली सावधगिरीचा इशारा दिला. उलट, तान्ह्या वयात तासाभराच्या आत एकदाच दिलेल्या भुलेने पाचव्या वर्षी बुद्धीत फरक दिसला नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील पाहणीत आढळले. म्हणून सुसज्ज रुग्णालय आणि लहान मुलांचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ, या दोन गोष्टींत तडजोड नको. भुलेपूर्वी किती वेळ उपाशी ठेवायचे, तेही डॉक्टर सांगतील तसेच पाळावे. मायेपोटी चोरून पाजलेला दुधाचा घोट भुलेत श्वासनलिकेत जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. दात दुरुस्त झाले, तरी कीड लावणाऱ्या सवयी तशाच राहिल्या, तर पुष्कळ मुलांचे दात पुन्हा किडतात. झोपताना तोंडात गोड दुधाची बाटली नको, चघळायला सारखी गोळी-बिस्किटे नकोत. फ्लोराइडयुक्त पेस्ट तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी घेऊन दिवसातून दोनदा मोठ्या माणसाने स्वतः दात घासून द्यावेत. भुलेने मिळवून दिलेले सुख टिकवायचे काम घरच्यांचेच आहे.