कंपन्यांची झुंज आणि आमची बिंदुनामावली

विट्याचा माणूस एका जागी कधी राहिला? खानापूर-आटपाडीचा गलाईवाला सोने-चांदी गाळायला देशभर पांगलेला. मागे राहिलेला यंत्रमागावर. अशा गावात फोन ही चैन नव्हे, गरज. म्हणूनच डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम मोबाईलच्या धंद्यात उतरली आणि २००३ च्या 'मान्सून हंगामा'त ५०१ रुपये भरून हँडसेट मिळू लागला, तेव्हा आमच्या वस्त्यांतही आनंदीआनंद झाला!

तिकडे गुंतवणूकदारांत वाद पेटला होता. जीएसएम टिकणार की सीडीएमए? भारती, आयडिया एका बाजूला. रिलायन्स, टाटा दुसऱ्या. मर्यादित क्षेत्राच्या स्वस्त परवान्यावर रिलायन्स पूर्ण मोबाईल सेवा चालवते, ही जीएसएमवाल्यांची ओरड. नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारने एकीकृत परवान्याचे धोरण आणून त्यावर पडदा टाकला. शेठजींची भांडणे अशीच मिटतात.

आमच्या दृष्टीने फरक साधा होता. जीएसएमचे सिमकार्ड काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घालता येई. रिलायन्सच्या सुरुवातीच्या सीडीएमए हँडसेटमध्ये सिमच नव्हते, नंबर हँडसेटलाच बांधलेला. कंपनी सोडली की हँडसेट कुचकामी. पोट भरत नाही आणि सोडताही येत नाही, असे वतन आमच्या आज्या-पणज्यांनी भोगले. ही बांधणी आम्ही पाहताक्षणी ओळखायला हवी होती. ओळखली नाही, हे कबूल केले पाहिजे.

पुढे काय झाले? ऑक्टोबर २००७ मध्ये सरकारने एकाच कंपनीला दोन्ही तंत्रे वापरण्याची मुभा दिली आणि खुद्द रिलायन्सच जीएसएमकडे वळली. २०१७ संपता संपता तिची मोबाईलवरची बोलणी बंद, २०१९ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. त्याच वर्षी टाटांचे मोबाईल ग्राहक एअरटेलकडे गेले.

या झुंजीत एक नाव कुणी मोजलेच नाही. बीएसएनएल! तिची मोबाईल सेवा रिलायन्सच्या आधी, ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली होती. ती सरकारी, म्हणून तिथे आरक्षण होते. लाइनमनपासून अभियंत्यापर्यंत आमची माणसे त्या जागांवर बसली, त्यांच्या पगारावर पोरे शिकली. मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत आणि शासनाने किंवा शासनाच्या महामंडळांनी चालवावेत, असे बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये १९४७ साली लिहून ठेवले. आम्ही मात्र पाचशे एक रुपयांचा हिशेब करत बसलो. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच वेळी बाहेर पडले. 'स्वेच्छा' हा शब्द सरकारचा, आमचा नव्हे.

टॉवर आजही उभे आहेत, पूर्वीपेक्षा जास्तच. त्यावर चढणारी पोरेही आपलीच आहेत. पण ती कंत्राटदाराकडे राबतात, आणि कंत्राटदाराला माणूस ठेवताना बिंदुनामावली लागत नाही.