प्रतिसाद लिहिताना

प्रस्तावना

एखादा लेख वाचून संपला, की वाचकाच्या मनात काहीतरी उमटतेच. कधी लेखकाचे म्हणणे पटते, कधी खटकते. कधी लेखातील एखाद्या वाक्याने आपलाच एखादा जुना अनुभव जागा होतो. मनात उमटलेले हे विचार शब्दांत मांडून लेखकापर्यंत किंवा संपादकापर्यंत पोहोचवणे, म्हणजे प्रतिसाद देणे. वृत्तपत्रांतील वाचकांच्या पत्रांचे सदर याच गरजेतून निर्माण झाले. पूर्वी त्यासाठी पोस्टकार्ड पुरत असे; आज संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या साहाय्याने तोच मजकूर क्षणार्धात पाठवता येतो.

मात्र पाठवलेला प्रत्येक प्रतिसाद वाचला जातोच असे नाही. संपादकाच्या मेजावर येणाऱ्या मजकुरात जाहिराती असतात, पोकळ स्तुती असते, अनेकांना एकाच वेळी पाठवलेली पत्रे असतात. ती दूर सारताना एखाद्याने मनापासून लिहिलेले पत्रही केराच्या टोपलीत जाते. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे.

तुम्ही मुक्त विद्यालयाचे विद्यार्थी आहात. रोज वर्गात बसून, हात वर करून आपले मत सांगण्याची संधी तुमच्यापैकी अनेकांना मिळत नाही. कित्येकजण महाराष्ट्राबाहेर, जेथे शेजारीपाजारी मराठी बोलले जात नाही अशा ठिकाणी राहून या भाषेचा अभ्यास करतात. अशा वाचकासाठी लेखी प्रतिसाद हा मराठी समाजाच्या चर्चेत सहभागी होण्याचा हक्काचा मार्ग आहे. तो कसा वापरावा, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• प्रतिसाद आणि अवांछित मजकूर यांतील फरक सांगू शकाल;
• संपादक एखादे पत्र का नाकारतात, हे स्पष्ट करू शकाल;
• दिलेल्या लेखाला अनुसरून नेमका प्रतिसाद लिहू शकाल;
• मतभेद सभ्यपणे व सकारण मांडू शकाल.

१. प्रतिसादाची मराठी परंपरा

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ बाळशास्त्री जांभेकर यांच्या ‘दर्पण’ या पत्राने ६ जानेवारी १८३२ रोजी झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत मराठी नियतकालिके ही केवळ वार्ता देणारी साधने न राहता विचारांची देवघेव करणारी व्यासपीठे बनली. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली गोपाळ हरी देशमुख यांची पत्रे आजही ‘शतपत्रे’ म्हणून ओळखली जातात. नाव ‘शतपत्रे’ असले, तरी त्यांची संख्या १०८ आहे. पत्रासारख्या लहानशा लेखनप्रकारातून समाजाला आत्मपरीक्षण करायला लावता येते, हे या पत्रांनी दाखवून दिले.

पत्राला स्थान मिळते ते त्यात काही सांगण्यासारखे असते म्हणून. ज्या मजकुरात सांगण्यासारखे काही नसते, त्याचे काय होते, ते आता पाहू.

२. ‘स्पॅम’ या शब्दाची कथा

न मागता, एकाच वेळी असंख्य लोकांना पाठवलेल्या निरुपयोगी मजकुराला संगणकाच्या जगात ‘स्पॅम’ म्हणतात. या शब्दाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९३७ साली अमेरिकेत या नावाचे डबाबंद मांस बाजारात आले. पुढे १९७० साली ब्रिटनमधील ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी कलावंतांच्या चमूने दूरचित्रवाणीवर एक प्रहसन सादर केले. त्यातील उपाहारगृहात जवळजवळ प्रत्येक पदार्थात हेच मांस घातलेले असते. ग्राहक दुसरे काही मागू पाहतात, तोच शेजारच्या मेजावरील मंडळी त्या मांसाचे नाव तालासुरात गाऊ लागतात आणि त्या कोलाहलात इतरांचे बोलणे बुडून जाते.

या शब्दाचा अर्थ या प्रसंगातच दडलेला आहे. चाललेल्या संभाषणाशी संबंध नसलेली एकच गोष्ट पुनःपुन्हा, मोठ्याने सांगत राहणे, म्हणजे स्पॅम. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्याने आपल्या नव्या यंत्रांची जाहिरात ‘अर्पानेट’ या तत्कालीन संगणकजाळ्यावरून सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली. इलेक्ट्रॉनिक टपालातील अशा मजकुराचे हे पहिले उदाहरण मानले जाते. ‘स्पॅम’ हे नाव त्याला पुढे मिळाले.

आज असा मजकूर गाळण्यासाठी संगणकाच्या चाळण्या वापरल्या जातात. पूर्वी नाकारलेल्या मजकुरात कोणते शब्द वारंवार आले होते, तोच मजकूर आणखी किती जणांना गेला आहे, पाठवणारा विश्वासार्ह आहे काय, अशा गोष्टींवरून त्या अंदाज बांधतात. अनुभवी संपादकाची दृष्टीही याहून फार वेगळी नसते. मजकूर साचेबंद आहे काय आणि पाठवणाऱ्याला लेखाविषयी बोलायचे आहे की स्वतःविषयी, हे दोन प्रश्न तो मनाशी विचारतोच.

३. तीन प्रतिसाद

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका मासिकात ‘महाराष्ट्राबाहेरील मराठी’ हा लेख प्रसिद्ध झाला. बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर येथील मराठीविषयी लेखकाने विस्ताराने लिहिले. परंतु ‘दक्षिणेत मराठीच्या खुणा फारशा उरलेल्या नाहीत’, असेही एक विधान केले. या लेखावर तीन पत्रे आली.

पहिले पत्र : “लेख अतिशय आवडला. फारच माहितीपूर्ण व वाचनीय. असेच लिहीत राहा. पुढील लेखनास शुभेच्छा!”

दुसरे पत्र : “लेख छान आहे. मराठीची गोडी वाढवण्यासाठी आमच्याकडील हस्ताक्षर सुधारणा पुस्तिका अवश्य मागवा. दहा प्रतींवर घसघशीत सवलत.”

तिसरे पत्र : “लेखातील ‘दक्षिणेत मराठीच्या खुणा फारशा उरलेल्या नाहीत’ हे विधान वाचून लिहीत आहे. माझे बालपण तंजावरात गेले. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसरे सरफोजीराजे यांच्या कारकिर्दीत १८०३ साली कोरलेला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा दीर्घ मराठी शिलालेख आजही पाहायला मिळतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रेही जपून ठेवली आहेत. तेव्हा खुणा उरल्या आहेत; त्या वाचणारे कमी झाले आहेत. या दुसऱ्या गोष्टीविषयी लेखकाने सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.”

पहिल्या पत्रात वाईट असे काही नाही. लिहिणाऱ्याचा हेतूही कदाचित शुद्ध असेल. परंतु हेच पत्र पाककृतींच्या लेखाला, क्रिकेटच्या वृत्तान्ताला किंवा प्रवासवर्णनाला जसेच्या तसे जोडता येईल. त्यामुळे पत्रलेखकाने लेख खरोखर वाचला की नाही, हे संपादकाला कळण्याचा मार्ग उरत नाही. दुसऱ्या पत्रात लेखाचा उल्लेख केवळ घरात शिरण्यापुरता आहे. खरा हेतू विक्रीचा आहे. तिसरे पत्र मात्र या एकाच लेखाला लागू पडते. त्याने विधान नेमके उचलले, त्यात पुराव्यासह भर घातली आणि चर्चा एक पाऊल पुढे नेली.

यावरून प्रतिसादाची एक सोपी कसोटी हाती लागते. लिहून झाल्यावर स्वतःला विचारावे : हेच पत्र दुसऱ्या एखाद्या लेखालाही चालले असते काय? उत्तर ‘होय’ असेल, तर पत्र अजून पुरे झालेले नाही, असे समजावे.

४. चांगल्या प्रतिसादाची लक्षणे

(अ) पूर्ण वाचन : शीर्षक पाहून किंवा पहिला परिच्छेद वाचून लिहायला बसू नये. आपण घेतलेल्या आक्षेपाचे उत्तर लेखाच्या शेवटी दिलेले असले, तर आपलीच फजिती होते.

(आ) नेमका संदर्भ : कोणता लेख, कोणता अंक आणि त्यातील कोणते विधान, हे सुरुवातीलाच सांगावे. स्तुती करायची असली तरी ती नेमकी असावी. ‘लेख आवडला’ एवढे म्हणण्याऐवजी काय आवडले व का, हे एका वाक्यात लिहिले, तर त्या स्तुतीला वजन येते.

(इ) एक मुद्दा : एका पत्रात एकच मुद्दा नीट मांडावा. पाच मुद्दे घाईने मांडले, तर एकही धड पोहोचत नाही.

(ई) स्वतःची भर : अनुभव, माहिती, दुरुस्ती किंवा मार्मिक प्रश्न यांपैकी काहीतरी आपल्याजवळचे द्यावे. विद्वान असणे आवश्यक नाही. ज्या गावात आपण राहतो, जे काम आपण करतो, त्याविषयी आपल्याला जे ठाऊक असते, ते दूरच्या लेखकाला ठाऊक असेलच असे नाही.

(उ) ओळख आणि हितसंबंध : वृत्तपत्राला पत्र पाठवताना खरे नाव व पत्ता द्यावा. काही कारणाने नाव छापले जाऊ नये असे वाटत असेल, तर तशी विनंती करता येते. ज्या विषयावर आपण लिहितो, त्यात आपला व्यवसाय गुंतलेला असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. मोडी लिपीचे वर्ग चालवणाऱ्याने मोडीविषयी लिहिण्यास काहीच हरकत नाही. मात्र ‘मी असे वर्ग चालवतो’ हे त्याने झाकून ठेवू नये. हितसंबंध असणे हा दोष नाही, तो लपवणे हा दोष आहे.

(ऊ) संक्षेप आणि एकच ठिकाण : पत्र थोडक्यात व शुद्ध भाषेत लिहावे. तेच पत्र एकाच वेळी पाच ठिकाणी धाडू नये. आपल्याशी कोणी बोलत आहे की गर्दीशी, हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

५. मतभेद म्हणजे उपद्रव नव्हे

प्रतिसाद गोड असला तरच स्वीकारला जातो, असा एक गैरसमज आहे. तो दूर करणारे उदाहरण आपल्या भाषेतच आहे. १८८५ साली पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी महात्मा जोतीराव फुले यांना पाठवले होते. जोतीरावांनी ते नाकारले आणि नकाराची कारणे पत्रात लिहून कळवली. जे लोक सर्वांना समान मानवी हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभा व पुस्तके यांच्याशी आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

ते पत्र अत्यंत परखड आहे. तरीही त्याला कोणी अवांतर म्हणू शकत नाही. कारण ते समोर आलेल्या निमंत्रणालाच उत्तर देते, नकारामागील कारण सांगते आणि लिहिणाऱ्याच्या नावानिशी उभे राहते. म्हणूनच शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी साहित्याच्या इतिहासात त्याची चर्चा होते. मात्र कठोर मत आणि शिवीगाळ यांत अंतर आहे. विचारावर टीका करावी, व्यक्तीच्या रंगरूपावर, जातीवर किंवा कुटुंबावर घसरू नये.

६. पत्र प्रसिद्ध झाले नाही तर?

आलेले प्रत्येक पत्र छापणे संपादकावर बंधनकारक नसते. वादग्रस्त विषयावरील पत्रांतून निवड करण्याचा, एखादे पत्र संपूर्ण न छापता त्याचा सारांश देण्याचा अधिकार त्याला आहे, असे प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारविषयक नियमांत म्हटले आहे. त्याचबरोबर छापलेली पत्रे एकांगी होऊ नयेत, यासाठी संपादकाने प्रामाणिक प्रयत्न करावा, अशी अपेक्षाही तेथे व्यक्त केली आहे. म्हणजे निवडीचा अधिकार आणि निष्पक्षपणाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी संपादकाकडे येतात.

म्हणून पत्र छापून आले नाही, तर निराश होऊ नये आणि तेच पत्र दररोज पाठवण्याचा हट्टही धरू नये. आपल्या कसोटीवर ते पुन्हा तपासावे. शिवाय न छापलेल्या पत्राचाही एक लाभ असतोच : ते लिहिण्यासाठी आपण लेख दुसऱ्यांदा वाचतो, आपले मत पारखून घेतो आणि ते नेमक्या शब्दांत मांडायला शिकतो. प्रतिसाद देणारा वाचक हा मुळात चांगला ऐकणारा असतो. समोरचा काय म्हणाला हे ज्याने नीट ऐकले, त्याच्या उत्तराला कोणी सहसा परके मानत नाही.

आपण काय शिकलो?

• प्रतिसाद मूळ लेखाशी बांधलेला असतो. अवांछित मजकूर कोठेही चिकटवता येतो.
• नेमका संदर्भ, एकच मुद्दा, स्वतःची भर आणि उघड ओळख यांमुळे प्रतिसाद विश्वासार्ह ठरतो.
• सकारण मतभेद हाही उत्तम प्रतिसाद असतो.
• संपादकाला निवडीचा अधिकार आहे, तशीच निष्पक्षपणाची जबाबदारीही आहे.

पाठान्त प्रश्न

१. ‘स्पॅम’ या शब्दामागील प्रहसनाचा प्रसंग सांगून त्याचा आजच्या अर्थाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. पाठातील पहिल्या पत्राचा हेतू शुद्ध असूनही ते अपुरे का ठरते?
३. ‘हितसंबंध असणे हा दोष नाही, तो लपवणे हा दोष आहे.’ या विधानाचा अर्थ उदाहरणासह लिहा.
४. तुम्ही अलीकडे वाचलेल्या एखाद्या लेखातील एक विधान निवडा आणि तुमच्या गावाचा किंवा कामाचा अनुभव देऊन त्यावर सुमारे ८० शब्दांत प्रतिसाद लिहा. लिहून झाल्यावर पाठात दिलेली कसोटी त्याला लावून पाहा.