बाळंतपणातील रक्तस्राव : अंदाज नको, मोजमाप हवे

बाळ रडले, वजन झाले, मुलगा की मुलगी हे कळले की सगळ्या घराचे लक्ष बाळाकडे जाते. नातेवाईकांना फोन सुरू होतात, पेढे आणायला कोणीतरी पळते. नेमक्या याच वेळी आईवर लक्ष ठेवणे सर्वात गरजेचे असते. प्रसूतीनंतर होणाऱ्या अतिरक्तस्रावाने जगात दरवर्षी सुमारे 70,000 स्त्रियांचा मृत्यू होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितले होते. यातील बहुतेक मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत. ते कसे, हे गेल्या काही वर्षांतील संशोधनाने दाखवून दिले आहे. ते प्रत्येक घरापर्यंत पोहोचावे, म्हणून आम्ही हा विषय घेत आहोत.

प्रसूतीनंतर थोडे रक्त जातेच. प्रश्न किती गेले, हा आहे. नैसर्गिक प्रसूतीनंतर 500 मिलीलीटर किंवा त्याहून जास्त रक्त गेले तर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. आजवर बहुतेक ठिकाणी हे नजरेच्या अंदाजाने ठरवले जात आले आहे. चादरीत, कापसात, फरशीवर सांडलेले रक्त पाहून अनुभवी डॉक्टर किंवा नर्सही चुकतात, आणि बहुधा कमीच धरतात. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह हे तपासले होते. प्रसूत स्त्रीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावून रक्त गोळा केले, तेव्हा डोळ्यांनी केलेला अंदाज पिशवीतील मापापेक्षा 33 टक्क्यांनी कमी निघाला. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला.

हीच साधी कल्पना पुढे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील 'ई-मोटिव्ह' चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील 2 लाखांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास झाला. निष्कर्ष मे 2023 मध्ये जाहीर झाले. काही रुग्णालयांत नेहमीची पद्धत चालू ठेवली, तर इतर रुग्णालयांत खुणांची पिशवी वापरून रक्त मोजले आणि धोक्याची खूण दिसताच उपचार एकत्र सुरू केले. गर्भाशयाला बाहेरून मसाज, गर्भाशय आकुंचन पावण्याचे औषध, ट्रानेक्सॅमिक ॲसिडचे इंजेक्शन, सलाईन, आणि रक्त कुठून जाते याची तपासणी. पूर्वी यातले एक करून पाहायचे, थांबायचे, मग दुसरे करायचे, अशी रीत होती. त्या थांबण्यातच वेळ जात असे आणि कधी कधी जीवही.

फरक मोठा होता. नेहमीच्या पद्धतीत अतिरक्तस्राव झालेल्या साधारण निम्म्याच स्त्रिया वेळीच ओळखल्या गेल्या, तर नव्या पद्धतीत 93 टक्के. एक लीटर किंवा अधिक रक्त जाणे, रक्तस्रावासाठी पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागणे किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांपैकी काही घडण्याचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आले. ही चाचणी नैसर्गिक प्रसूतींपुरती होती, सिझेरियनचे निष्कर्ष यातून काढता येत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यात नवे महागडे औषध एकही नाही. ट्रानेक्सॅमिक ॲसिडचा उपयोग 2017 सालच्या 20,060 स्त्रियांवरील 'वूमन' चाचणीतच दिसला होता. रक्तस्राव सुरू झालेल्या स्त्रीला ते प्रसूतीनंतर 3 तासांच्या आत दिले, तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने घटतात. उशीर झाला की तो फायदा राहत नाही. औषध होतेच. कमी पडत होते ते वेळेवर ओळखणे.

मात्र आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 नुसार भारतात 52.2 टक्के गर्भवती स्त्रियांना रक्ताक्षय आहे. अशा स्त्रीला थोडे रक्त गेले तरी ते झेपत नाही. रक्ताक्षय असलेल्या स्त्रियांना प्रसूती होताच हेच इंजेक्शन आगाऊ देऊन पाहिले गेले. 15,000 हून अधिक स्त्रियांवरील या चाचणीत रक्तस्राव टळल्याचे दिसले नाही. म्हणजे शेवटच्या क्षणीचे इंजेक्शन नऊ महिन्यांच्या दुर्लक्षाची भरपाई करू शकत नाही. लोहाच्या गोळ्या आशाताईकडून घेऊन डब्यात ठेवायच्या नाहीत, रोज खायच्या. गोळीसोबत चहा नको, लिंबू किंवा पेरू चालेल.

आपल्या घरात बाळंतपण असेल तर आम्ही एवढे सुचवू. हिमोग्लोबिनचा आकडा प्रत्येक तपासणीत विचारून लिहून ठेवा. प्रसूती रुग्णालयातच करा, आणि तिथे रक्त मोजण्याची सोय आहे का, गरज पडल्यास रक्त कुठून मिळेल, हे आधीच विचारा. प्रसूतीनंतरचे पहिले काही तास घरातील एका माणसाने फक्त आईजवळ बसावे. पॅड भराभर भिजू लागले, चक्कर आली, अंग गार पडून घाम सुटला किंवा ती अस्वस्थ झाली, तर लगेच नर्सला बोलवा. घरी आल्यावर असे झाले तर 108 ला फोन करा. 'बाळंतपणात घाण रक्त जाऊ द्यावे' असे कोणी वडीलधारे म्हणाले, तर त्यांना नम्रपणे पण ठामपणे थांबवा. जाणारे रक्त घाण नसते, ते त्या आईच्या अंगातले रक्त असते.

आणि आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात ही पिशवी नसेल, तर ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीत तिची मागणी करू या. बाळाचे वजन आपण ग्रॅममध्ये मोजतो. आईचे गेलेले रक्तही मोजले गेलेच पाहिजे.