पालापाचोळा व वनमृदेतील नायट्रोजन
वनातील जमिनीवर साठणाऱ्या गळलेल्या पानांच्या, फुलांच्या व डहाळ्यांच्या थरास पालापाचोळा म्हणतात. वृक्षतोडीनंतर पुन्हा वाढणाऱ्या वनात वनस्पतींना नायट्रोजन किती व केव्हा मिळेल, हे बऱ्याच अंशी पाचोळ्याच्या प्रतीवर, म्हणजे त्यातील नायट्रोजन, लिग्निन व टॅनिने यांच्या प्रमाणावर अवलंबून असते.

पान गळण्यापूर्वी वृक्ष त्यातील सु. निम्मा नायट्रोजन परत शोषून घेतो. त्यामुळे पाचोळ्यात कार्बन विपुल, पण नायट्रोजन तोकडा असतो. विघटन करणाऱ्या कवकांना व सूक्ष्मजंतूंना तो पुरत नाही. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर सु. २५ ते ३० हून अधिक असल्यास ते मृदेतील अमोनियम व नायट्रेट घेऊन ही तूट भरून काढतात (निश्चलीकरण). गुणोत्तर उतरल्यावरच उरलेला नायट्रोजन अमोनियमाच्या रूपाने मुक्त होतो (खनिजीभवन). म्हणजे निकृष्ट पाचोळा आरंभी मृदेला काही देत नाही, उलट तिच्याकडूनच घेतो. गिरिपुष्पासारख्या शिंबावंत वृक्षाच्या कोवळ्या पानांत ही अवस्था जवळजवळ नसतेच. म्हणून ती हिरवळीचे खत म्हणून वापरतात. टॅनिने मात्र प्रथिनांशी संयोग पावून नायट्रोजन अडवून ठेवतात.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हँपशर राज्यात हबर्ड ब्रुक प्रायोगिक वन आहे. तेथील एका पाणलोट क्षेत्रातील सर्व वृक्ष १९६५ च्या अखेरीस तोडून पुढील तीन उन्हाळे तणनाशकांनी नवी वाढ रोखण्यात आली. ओढ्यातील नायट्रेटाचे प्रमाण चाळीसपटींहून अधिक वाढले आणि पाणी पिण्यास अयोग्य ठरले. वाढ रोखली नाही, तर अशा मोकळ्या जागी मृदेत सुप्त राहिलेल्या बियांपासून पिन चेरी हा अल्पायुषी वृक्ष उगवतो, नायट्रोजन झपाट्याने शोषतो व गळती आवरतो. पुढे तो पाचोळ्यातून किती लवकर परततो, हे जातीवर ठरते. मेलिलो, ॲबर व मुरॅटोर यांनी १९८२ मध्ये तेथील सहा पानझडी जातींच्या पानांवरून दाखविले की, लिग्निन-नायट्रोजन गुणोत्तर जितके अधिक तितके कुजणे मंद. बीचची पाने सर्वांत सावकाश कुजली. तेव्हा केवळ वृक्षांची संख्या मोजून वन सावरले असे मानणे फसवे आहे.

सोडून दिलेल्या शेतजमिनीची स्थिती वेगळी असते. तेथे मूळचा साठाच खालावलेला असतो. ब्राझीलच्या पारा राज्यातील अशा जमिनींवरील वनांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोवळ्या वनात नायट्रोजन दुर्मिळ असून वृक्ष तो काटकसरीने वापरतात. त्याचे चक्र पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात.