पिशवीबरोबर गाठी किती काढायच्या?

पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला आणि तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला, तर बहुतेकींना शस्त्रक्रिया सांगतात. पिशवी, बीजनलिका आणि सहसा बीजकोषही काढतात. त्यावर फारसं दुमत नाही. मतभेद आहेत ते ओटीपोटातल्या गाठींबद्दल, म्हणजे लसिकाग्रंथींबद्दल.

आजार पिशवीबाहेर पसरला असेल, तर बऱ्याचदा तो आधी या ग्रंथींत सापडतो. रेडिएशन द्यायचं की केमो, हे त्यावरून ठरतं. म्हणून पूर्वी मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या ग्रंथी सरसकट खरवडून काढत. पण २००८ मध्ये इटलीतली आणि २००९ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने झालेली ‘अ‍ॅस्टेक’, अशा दोन मोठ्या चाचण्यांत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचं आयुष्य त्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. काहींच्या पायाला मात्र सूज येते, ती कधी जन्मभर राहते. साडी नेसताना, जिना चढताना रोज आठवण करून देणारी ही सूज डॉक्टरांच्या कागदावर एका शब्दात संपते!

आता ‘सेंटिनल नोड’ पद्धत रुळली आहे. भूल दिल्यावर गर्भाशयमुखात इंडोसायनिन ग्रीन हा रंग टोचतात. तो लसिकावाहिन्यांतून वर सरकतो आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यात चमकतो. प्रत्येक बाजूला तो ज्या ग्रंथीत प्रथम पोचतो, तेवढीच काढतात. पॅथॉलॉजिस्ट तिचे अनेक पातळ काप करून, खास रंग देऊन पाहतो; त्यामुळे एरवी निसटणारे कर्करोगपेशींचे बारीक पुंजकेही सापडतात.

नेम कितपत अचूक? अमेरिकेतल्या ‘फायर्स’ अभ्यासात (२०१७) रंग ग्रंथीपर्यंत पोचलेल्या आणि ग्रंथीत कर्करोग असलेल्या ३६ जणी होत्या. त्यांतल्या ३५ जणींचा आजार या पद्धतीने पकडला. मात्र दोन्ही बाजूंना रंग पोचला तो निम्म्याहून किंचित जास्त रुग्णांतच. शिवाय या अभ्यासाने आजार सापडतो का एवढंच मोजलं, आयुष्य नाही.

म्हणून नियम असा : ज्या बाजूला रंग पोचला नाही, त्या बाजूच्या ग्रंथी सगळ्या काढायच्या, फुगलेली, संशयास्पद गाठ तर रंग असो-नसो, काढायचीच. माझ्या मते पिशवीपुरत्या दिसणाऱ्या आजारात सुरुवात सेंटिनलनेच व्हावी, पण सरावलेल्या हातांनी.

शस्त्रक्रियेआधी सर्जनला विचारा : रंग एका बाजूला पोचलाच नाही, तर काय करणार? आणि आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. या रंगात आयोडाइड असतं.